कांबळे मास्तरांची वही

बसा हो, एक किस्सा सांगतो. माणसाचं नि गावाचं नाव बदललंय मी. बाकी सगळं घडलं तसंच.

तर निशिकांत देऊळगावकर सूटर साहेबाला आग्रह करकरून पुऱ्या वाढत होता. सिंगापुरातला ईस्ट कोस्टचा कॉन्डो, रविवारची दुपार. साहेब म्हणजे बँकेतला त्याचा बॉस. निवृत्त होऊन स्कॉटलंडला परत चाललेला, म्हणून हे निरोपाचं जेवण. आणि दाराशी, चपलांच्या कपाटाला टेकून ठेवलेल्या दोन स्टुलांवर, धम्मदीप नि त्याची बायको दीक्षा बसलेली. तिला सातवा महिना. टेबलाशी चार खुर्च्या रिकाम्या होत्या, पण या म्हणायला जीभ वळली नाही कुणाची.

ती दोघं आली होती फ्लॅटसाठी. याच सालची, दोन हजार सातची, गेल्या महिन्यातली गोष्ट. सिंगापुरात भाडी अशी चढलीयत की घरमालक देव झालेत. धम्मदीपच्या मालकानं घर विकलं, महिनाअखेर खाली कर म्हणाला. निशिकांतचा बिशानचा जुना फ्लॅट रिकामा पडलेला. फोनवर तो म्हणाला होता, "या, बघू."

"पूर्ण नाव?" निशिकांतनं वाढता वाढता, मान न वळवता विचारलं.

"धम्मदीप कांबळे."

"अच्छा." आपल्या लोकांचं हे 'अच्छा' तुम्हाला ठाऊकच आहे. "गाव?"

"देऊळगाव."

पुरी ताटात न पडता टेबलावर पडली. परमुलखात गाववाला भेटला तर दुसरा उठून मिठी मारेल. हा पठ्ठ्या म्हणतो, "फ्लॅट गेला. कालच दिला. पाणी घ्या नि निघा." फ्लॅटची चावी तिथंच समोर, फ्रीजवर. दीक्षाला दिसत होती. तिला दिसतेय हे त्यालाही दिसत होतं. तरी वर म्हणाला, "आम्ही माणसं बघून देतो."

साहेबाला मराठी कुठलं कळतंय. तो आपला भेटीचा कागद फोडत बसला होता. निशिकांतनं त्याला त्याच्या आडनावाची फ्रेम करून आणली होती. मॉलमध्ये मिळते तसली. वर ढाल, खाली सोनेरी अक्षरात वंशाची थोरवी.

साहेब पोट धरून हसला. "ढाल? अरे बाबा, सूटर म्हणजे जोडे शिवणारा! आमच्याकडचा जुना शब्द आहे. लिहायचा कुणी असा, कुणी तसा. पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. एकट्या माझ्या आजोबाच्याच कागदांवर तीन तऱ्हा आहेत. जोडे मात्र सगळ्यांनी झकास शिवले."

निशिकांतची पोरगी क्षिप्रा टाळ्या पिटायला लागली. "शूमेकर! सो कूल लाह! पपा, आपल्या आडनावाचं मीनिंग काय?"

निशिकांत घोटभर पाणी प्याला.

"आपण? आपण देवळाचे मानकरी. देऊळगावात आपल्याशिवाय पालखी हलत नव्हती." आणि स्टुलांकडं अशी नजर टाकली, जणू पायपुसण्याकडं बघतोय.

पोरगी कसली ऐकते. ती धम्मदीपकडं वळली. "अंकल, तुम्ही पण तिथलेच ना? ट्रू आहे?"

दीक्षानं नवऱ्याकडं बघितलं. निशिकांतच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. धम्मदीपनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा पोरीकडं.

"तुझ्या आजोबांना सगळं गाव ओळखायचं," तो म्हणाला. "फार मानाचा माणूस." आणि बायकोला हात देऊन उठवलं.

लिफ्टपाशी निशिकांत मागनं पळत आला. पायात काही नाही, हातात चावी.

"कांबळे मास्तरांचा कोण तू?"

"नातू."

"मग तुला..."

"ठाऊक आहे. तुमचे वडील तुम्हाला पहिलीत घालायला आले तेव्हा काखेत आरी नि चामडं होतं. आजोबांनी आडनाव विचारलं नाही. रजिस्टरात देऊळगावकर लिहिलं, म्हणाले, पोराला पुढं कुणी दाराशी बसवायला नको. अशी बावीस पोरं. त्यांची वही आहे आमच्या घरी, आणि नेम एकच, कुणाचं लिहिलं ते बाहेर बोलायचं नाही."

निशिकांत दीक्षाच्या मुठीत चावी कोंबायला लागला. "घे बाई. आजच जा राहायला. फक्त हे... माझ्या पोरीला..."

दीक्षानं मूठ उघडली नाही. "ठेवा काका. गप्प बसायचं आम्ही कुणाकडनं काही घेत नाही."

लिफ्ट आली. दोघं गेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी गुप्त गोष्ट तुला कशी कळली? त्या दोघांनी अजून तोंडातनं शब्द काढलेला नाही. मला निशिकांतनंच सांगितलं. परवा समुद्राच्या कडेला बाकावर बसून, मान खाली घालून. चावी अजून खिशात घेऊन हिंडतोय, बिशानला कुणाला ठेवत नाही, आणि पोरीलाही सांगवत नाही. मी त्याला म्हटलं, लेका, तुला शिवी द्यायची तरी कुठल्या नावानं?

ते राहू द्या. ती दोघं सध्या तोआ पायोहला एका मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून राहतायत, आणि तिला आता आठवा लागलाय. तुमच्या ओळखीत कुणाचा फ्लॅट असेल तर बघा की. आणि मालकाला आधीच सांगा, आडनाव कांबळे.