गाडीसाठी राखलेली काच

काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून भास्कररावांनी पुन्हा सिग्नलकडे पाहिलं. तो अजून पडला नव्हता. त्यांनी कॅमेऱ्याची तिपाई उचलली, थोडी उजवीकडे नेली आणि पुन्हा कापडात शिरले. लगेच बाहेर आले.

"अजून किती वेळा हलवणार?" बाकावर पाय पसरून बसलेला दीनानाथ म्हणाला. "स्टेशन तर जागेवरच आहे."

"उजेड सरकतोय."

"उजेड कसला, तूच सरकतोयस."

सकाळी बडोद्याहून निघाल्यापासून हेच चाललं होतं. संस्थानच्या रेल्वेचा आल्बम प्रदर्शनात ठेवायचा होता, आणि मांडवीतल्या भास्कररावांच्या स्टुडिओला ते काम मिळालं होतं. मोटार दीनानाथची, लहानपणचा दोस्त म्हणून तो स्वतः चालवत आला होता. केलनपूरला भास्कररावांनी घाई केली आणि फोटो हलला. कुंढेल्याला फोटो उमटतो त्या काचेवरचं झाकण काढायलाच विसरले. मग चिडून उरलेल्या काचा पाण्याच्या टाकीचे आणि रिकाम्या फलाटाचे फोटो काढण्यात उधळल्या. आता डभोईला पोचेपर्यंत एकच कोरी काच शिल्लक होती. ती चांदोदहून येणाऱ्या गाडीसाठी.

"शाळा इथून हाकेवर आहे," दीनानाथ म्हणाला. "जाऊन ये ने एकदा."

"मी फोटो काढायला आलोय."

"हो ना. म्हणून तर नवा कोट घातलायस."

भास्कररावांनी कोटावरची धूळ झटकली. उन्हाळ्यात त्यांच्या बायकोची, निरुपमाबाईंची, इथल्या कन्याशाळेवर नेमणूक झाली, तेव्हा ते म्हणाले होते, "जायचं तर जा. मी न्यायला येणार नाही." आणि त्या खरोखरच गेल्या. दिवाळीला एकच दिवस घरी आल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरल्या.

सिग्नल पडला. भास्करराव घाईने कापडात शिरले. कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर सगळं उलटं दिसत होतं. रूळ वर, आभाळ खाली. त्या उलट्या फलाटावर मुलींची एक रांग आली, आणि पुढे लुगड्यातली एक बाई. चेहरा दिसायच्या आधी त्यांनी चाल ओळखली.

ते कापडाबाहेर आले.

"गलबला नको हं," निरुपमाबाई मुलींना सांगत होत्या. "फोटोत कुणी हललेलं यांना खपत नाही."

त्या उन्हाने रापल्या होत्या. बोटांना खडू लागलेला होता.

"तुला कुणी सांगितलं?" भास्कररावांनी विचारलं.

"सकाळच्या गाडीच्या गार्डाने. बडोद्याचे एक साहेब मोटारीतून स्टेशनं टिपत येतायत, हे आता सगळ्या डभोईला माहीत आहे."

रस्ताभर मनात जुळवलेलं एक वाक्य होतं. ते आलंच नाही. "मोटार बाहेर उभी आहे," भास्करराव म्हणाले. "सामान घे. घरी चल."

सगळ्यांत धाकट्या मुलीने निरुपमाबाईंचा पदर धरला. "बेन, तमे जवाना?"

"नाही गं, मी कुठे जात नाही," निरुपमाबाई तिला म्हणाल्या. मग आवाज खाली आणून नवऱ्याला म्हणाल्या, "शाळा सुरू झाली तेव्हा बाकं भरली होती. आता एवढ्याच उरल्यात. संस्थानचा दंड भरायला लागला तरी चालेल, पण मुलगी शाळेत पाठवणार नाही, असं म्हणतात लोक. यांच्याही घरी तेच चाललंय. यांचा एक फोटो काढाल? पाटी हातात घेतलेला. भिंतीवर टांगला की मुलीला घरी बसवताना बापाची नजर तिकडे जाईल."

"एकच काच उरलीय. गाडीसाठी ठेवलीय."

"मग राहू द्या."

त्या एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर भास्कररावांकडे बोलायला पुष्कळ होतं.

लांबून शिट्टी ऐकू आली. दीनानाथ ताडकन उठला. "आली! धर, धर!"

"चला, मागे व्हा," निरुपमाबाई मुलींना आवरू लागल्या. "त्यांच्या फोटोत यायचं नाही." मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. हातातल्या पाट्या त्यांनी पाठीमागे लपवल्या.

भास्कररावांनी एकदा धुराकडे पाहिलं. मग तिपाईला हात घातला आणि कॅमेरा गाडीकडून भिंतीकडे फिरवला.

"लपवता काय? पुढे घ्या पाट्या. उंच मुली मागे. ए, तू, वेणी पुढे घे." मग वर न बघता ते म्हणाले, "तूही उभी राहा."

"मी कशाला?"

"बेनशिवाय शाळेचा फोटो होतो का?"

गाडी धडधडत फलाटाला लागली. वाफ सुटली, हमाल ओरडू लागले. "अरे, गाडी!" दीनानाथ बोंबलला. "तुझ्या पाठीमागे उभी आहे गाडी!" भास्कररावांनी मान वळवली नाही. मुलींनी श्वास रोखले. धाकटीने डोळे एवढे मोठे केले, की त्यांना आतून हसू आलं. त्यांनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला.

गाडी सुटली. फलाट रिकामा झाला. दीनानाथने कपाळाला हात लावला. "आता आल्बममध्ये काय चिकटवणार?"

भास्करराव कॅमेऱ्याच्या पेटीचा पट्टा ओढत होते. तो कडीत जाईना.

"फोटो बरा आला असेल," ते पट्ट्याकडे बघत म्हणाले. "सगळ्यांना एकेक प्रत काढतो. शाळेच्या पत्त्यावर टपालाने पाठवतो."

निरुपमाबाई मुलींची रांग घेऊन निघाल्या होत्या. फाटकापाशी त्या थांबल्या.

"पाठवू नका," त्या म्हणाल्या. "घेऊन या."