आईचा पहिला नंबर

महाबळेश्वरच्या थंडीत विद्याधरचं घर माणसांच्या उबेवर चालायचं. प्रत्येकाच्या पाठीवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थरांची पट्टी असायची. ती अंगातल्या उष्णतेची वीज करून घराच्या बॅटरीत भरायची आणि कोणी किती वीज दिली ते भिंतीवर दिसायचं.

आज आईचा आकडा सगळ्यांच्या दुप्पट होता. विद्याधरनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, "आई पहिली." टाळ्या पडल्या. तेवढ्यात नाशिकहून बहिणीनं विचारलं, "दादा, तिच्या अंगाला हात लावून बघितलंस का?"

तो आत गेला. आईचं कपाळ भाजत होतं. उशाशी तापाची गोळी तशीच होती.

"घेतली का नाहीस?"

"ताप उतरला असता रे. म्हटलं, तुझी बॅटरी भरू दे आधी."

तो फोटो पुसायला लागला. टाळ्या अजून येतच होत्या.