बुवांचा उजवा पाय

हिंगणीच्या ओढ्यातलं शेवाळ कीर्तनकार बुवांनी आपल्या तांब्यातून वर्ध्याच्या कॉलेजात आणलं होतं. त्याच्या बोटभर लांब पेशीच्या पापुद्र्यातून वीज वाहते, हे त्यांची लेक सुलोचना आज परीक्षकांना दाखवणार होती. वाटेत बैलांच्या दमणीच्या हिसक्यांनी बाकीच्या पेशी फुटल्या, एकच शाबूत राहिली. सुलोचनानं केसाहून बारीक काचेची नळी तिच्यात अलगद टोचली, पेशीच्या दुसऱ्या टोकाला विजेचा इवलासा चिमटा दिला, आणि नळीला जोडलेल्या वीज मोजायच्या यंत्राचा काटा उडाला. त्याच क्षणी बुवांच्या तोंडून "पांडुरंगा!" निघालं आणि त्यांचा उजवा पाय धाडकन जमिनीवर आपटला, जन्मभर कीर्तनात ठेका धरलेला पाय तो. "टेबल हललं, म्हणून काटा हलला," परीक्षक म्हणाले. "संशोधनाची जागा एकच आहे, बाई. ती अशा कीर्तनावर देऊ?" सुलोचनाचा चेहरा उतरला. "पुन्हा दाखवते, सर. बाबा, पाय आवरा न तुमचा!" "हा घे, उचललाच. ध्रुवबाळ बी जागेसाठीच उभा होता," म्हणत बुवा हात जोडून एका पायावर उभे राहिले. दमलेल्या पेशीला विसावा द्यावा लागला. तोवर बुवांचा डावा गुडघा लटपटू लागला, कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला. सुलोचनानं पुन्हा चिमटा दिला. जमीन गप्प होती. काटा उडाला, आणि सावकाश परत आला. परीक्षकांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग अधांतरी पायाकडे. "पटलं. बुवा, ठेवा आता पाय खाली." "आधी माह्या पोरीले जागा देल्ली म्हना, साहेब."