खानावळीची पारख

"अप्पा, मुदत ठेव मोडा, हे शेअर घ्या आणि दहा वर्षं विसरून जा. आमच्या कंपनीचं अ‍ॅप आज प्रत्येक पोराच्या हातात आहे," म्हणत जावयांनी अर्ज पुढे सरकवला.

निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांची तेवढीच ठेव होती. मी पेनाचं टोपण काढलं, पण हात पुढे जाईना. बँकेत असताना कुणी खानावळीसाठी कर्ज मागायला आला, की मी ताळेबंद नंतर बघायचो. आधी दुपारी तिथे जाऊन बसायचो आणि मालकाची बायकापोरं कुठे जेवतात ते बघायचो. त्यांचा डबा घरून येत असेल, तर कर्ज नाही.

जावयांची चौदा वर्षांची मुलगी, माझी नात, शेजारीच होती. म्हटलं, "दाखव गं जरा, काय असतं त्या अ‍ॅपवर."

"माझ्याकडे नाहीये, आजोबा. बाबा घेऊच देत नाहीत. डोकं नासतं म्हणतात."

जावई पंख्याकडे बघू लागले. मी टोपण लावलं.

"चला जावईबापू, पानं वाढलीत. आमच्या घरचे सगळे इथेच जेवतात."