वितीचा नियम

जाळ्यात त्रेचाळीस मासे होते: एकेचाळीस परके, दोन इथले. परके इथल्यांना फस्त करत होते, म्हणून ‘धरा, खा, संपवा’ हे मत्स्यशास्त्रात पदवी घेतलेल्या लेकीनेच गावाला पटवलं होतं. गावाला चव लागली, मासेमार बापाचा धंदा सुधारला. आज ती त्याच्या नावेत मोजणीला बसली होती. बाप वितीहून लहान मासे नदीत सोडू लागला. “बाबा, परके सोडताय?” “पिल्लं आहेत गं. मोठी झाल्यावर धरू.” “अहो, संपवायचेत ते!” “मग विकू काय, तुझी पदवी?” “निदान आपले दोन सोडा!” “मोठा मासा सोडायचा नाही, लहान न्यायचा नाही. आजोबांपासून हेच चालत आलंय.” तिने टोपलीत हात घातला, तशी नाव डगमगली. “बस खाली, बुडवशील दोघांना!” ती बसली. पाण्यात परत गेले बत्तीस, सगळे परके. टोपलीत राहिले अकरा, त्यांत इथले दोन्ही.