पंचफुलाच्या नावाची बाटली

बाटलीवरच्या चिकटपट्टीवर नाव पंचफुलाचं होतं आणि आतला बेडका तिच्या आईचा. ही गोष्ट जगात एकट्या रुक्माबाईला ठाऊक होती, आणि तिच्या मते ती तिच्याबरोबरच मसणात जायची होती.

कळमनुरीच्या दवाखान्यात भावसिंग तपासनीस फक्त बाजाराच्या दिवशी यायचा. खिडकीशी टेबल, टेबलावर दुर्बीण, दुर्बिणीच्या बुडाला वाटोळा आरसा. विजेचा भरवसा नाही म्हणून त्या आरशावर बाहेरचं ऊन घ्यायचं आणि काचपट्टीवरचे जंतू शोधायचे. आज आभाळ भरलेलं. ऊन पडलं की भावसिंग दुर्बिणीवर वाकायचा, ढग आला की डोळे चोळत बसायचा. दाराशी उभ्या रुक्माबाईचा जीवही तसाच खालीवर होत होता.

खरं तर तिला भ्यायचं काही कारण नव्हतं. पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती धडधाकट. लेकरू झालं, आणि मग तिला खोकला धरला तो सुटेना. अंगावरचं मांस उतरलं. ही खबर सासरी पोचायला कितीसा वेळ? तिला न्यायला आलेल्या जावयाला, भुजंगला, बापाची ताकीद होती की तपासणीचा निकाल आपल्या कानानं ऐकायचा, मगच बायकोला घरात आणायचं.

सकाळी पंचफुलाच्या बेडक्यात रक्ताची तार दिसली. रुक्माबाईनं तो चुलीच्या राखेत पुरला, बाटली उकळत्या पाण्यानं धुतली आणि तिच्यात स्वतःच खोकली. फार जोर लावावा लागला नाही. दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हापासून तिला खोकला होताच. धुळीचा खोकला, त्याला कोण विचारतो? उन्हातान्हात राबणाऱ्या बाईला काय धाड भरलीय? आधी लेकीचा संसार वाचवू, दवापाण्याचं मागून बघू, एवढाच तिचा सरळ विचार.

ढग सरले. भावसिंग बराच वेळ वाकून राहिला. मग त्यानं मान वर केली.

"पंचफुला कोण?"

"ती भाईर लिंबाखाली बसली हाय. मी माय तिची. हे जावई."

भावसिंग जावयाकडं वळला. "टीबी हाय. जंतू लई दिसून राहिले. सुया चालू करा लागतील. अन् लेकराला तिच्याजवळ निजवू नका."

रुक्माबाईला आधी ते कळलंच नाही. तो दुसऱ्याच कुणाचं बोलतोय असं वाटलं. मग तिनं जावयाकडं पाहिलं. भुजंगनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. तो काही वाईट माणूस नव्हता, पण बापापुढं त्याचं चालत नव्हतं.

"येतो मामी," तो म्हणाला.

"पाव्हणं, थांबा." रुक्माबाईनं त्याची बाही धरली. जावयाच्या अंगाला असा हात तिनं कधी लावला नव्हता. "ते तिचं न्हाई. माझं हाय. बाटलीत मी खोकले. लेकराच्या गळ्याची आन."

भुजंगनं तिच्याकडं पाहिलं. त्याला तिची दया आली.

"कोनची बी माय असंच म्हनंल, मामी," तो हळू आवाजात म्हणाला, बाही सोडवून घेतली आणि पायऱ्या उतरला.

सकाळपासूनचं खोटं सगळ्यांना पचलं होतं. आता खरं बोलली, तर ते कुणाला पटेना.

भावसिंगनं मात्र ऐकलं होतं. "खरं बोलून राहिल्या का बाई? मंग पोरीचा बेडका कुठाय?"

"राखंत टाकला. त्यात रगत होतं."

तो तिच्याकडं वळला. "तुमाला खोकला कवापासून?"

"खडीवर व्हते तवापासून. त्याला झाली दोन-तीन सालं."

"अन् पोरीचं बाळंतपण कोणी केलं?"

"मीच. दुसरं कोन हाय तिला? अजून माझ्याच कुशीत निजती."

भावसिंगनं "पुढच्या बाजारी दोघींचे आणा," म्हणून दोन रिकाम्या बाटल्या टेबलाच्या कडेला ठेवल्या आणि दुसऱ्या कुणाची काचपट्टी दुर्बिणीखाली सरकवली. ऊन होतं तोवर त्याला बाकीच्या उरकायच्या होत्या.

बाटल्या उचलता उचलता रुक्माबाईच्या ध्यानात आलं. लेक धडधाकट आली होती. आणि घरात तिच्याआधी खोकणारं माणूस एकच होतं. इतके दिवस तिनं लेकीच्या सासरला शिव्या दिल्या, तिथल्या पाण्याला नावं ठेवली, कुणाची नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या.

ती दवाखान्याच्या ओसरीत आली, तर समोरून पंचफुला लेकराला कडेवर घेऊन लगबगीनं येत होती.

"आये, हे कुठं चालले? माझ्याशी बोलले बी न्हाईत." नांदेडची गाडी स्टँडवर लागली होती आणि भुजंग तिकडंच निघाला होता. "लेकराला धर जरा. मी गाठते त्यास्नी."

रुक्माबाईचे हात सवयीनं पुढं झाले आणि निम्म्यावरच थांबले. तिनं पदर तोंडाला लावला आणि मागं सरत सरत भिंतीला टेकली.

"आये, धर की," पंचफुला म्हणाली.

लेकरू आजीकडं झेपावत होतं.