लाल शेरा

संयोगिताची आई सकाळीच वर्गाच्या दारात उभी राहिली. एका हातात लेकीचं मनगट, दुसऱ्यात शाळेची डायरी. "बाई, आता काय केलं वं हिनं? काल डायरीत लाल शेरा दिसला आन् दोन ठेवून दिल्या." संयोगिताच्या गालावर वळ होता. "शेरा वाचलात का?" मी विचारलं. "वाचायचं काय त्यात? दर खेपेला त्येच. वर्गात वरडती, पोरींना चिमटं काढती." खरं होतं. दोन वर्षं मीच ते लिहीत आले होते. काल पहिल्यांदाच कौतुक लिहिलं, तेही सवयीनं लाल पेनानंच. मी वाचून दाखवलं: "आज संयोगिता सगळा तास शांत बसली. शाबास!" आईनं धरलेलं मनगट सोडलं आणि लेकीच्या गालावरून हात फिरवला. मग वर्गात बसलेल्या गल्लीतल्या पोरांकडे बघून म्हणाली, "बाई, परत वाचा, जरा मोठ्यानं. काल मी मारलेलं सगळ्या गल्लीनं ऐकलंय."